नापास झालेला पास



गेल्या पावसाळ्यात पाठीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी आमची स्कूटर बंद केली, हे तुम्हा बहुतेकांना ठाऊक आहे. त्यानंतर महिनाभर मिस्सा संपल्यावर जो भेटेल तो आम्हाला एकेका तेलाचे नाव सांगत होता. त्या सर्वांचे आभार. स्कूटर गेली तेव्हा आम्ही बसचा मासिक पास काढला. रुग्णालयातले आजारी, शाळेची कामे, कधी एखाद्या घरची विचारपूस, असे आठवड्यातले पाच दिवस तरी बसने जाणे होतेच.

पास म्हणजे आता पूर्वीसारखा फोटो चिकटवलेला आणि गोल शिक्का मारलेला पुठ्ठा राहिलेला नाही. प्लास्टिकचे कार्ड मिळते. ते कंडक्टरच्या हातातल्या मशीनला टेकवायचे, मशीन वाजते, हिरवा दिवा लागतो, की आपण बसायला मोकळे. अकरा दिवस दिवा हिरवा लागला. बाराव्या दिवशी लाल लागला.

कंडक्टर तरुण होता, वागायला चांगला होता. त्याने कार्ड शर्टाला पुसून पुन्हा टेकवले, उलटे करून टेकवले. मग म्हणाला, "काका, कार्ड घेत नाही. तिकीट काढा." आम्ही म्हटले, पास महिनाअखेरपर्यंत आहे, पैसे भरलेले आहेत. तो म्हणाला, "तुमचा असेल हो. पण मशीन नाही म्हणते." आम्ही तिकीट काढले.

दोन दिवसांनी आम्ही दफनभूमीतला विधी आटोपून परस्पर बसने रुग्णालयात निघालो होतो. अंगावर पांढरा झगा होता. योगायोगाने कंडक्टर तोच. कार्ड टेकवले, दिवा लाल. त्याने आमच्याकडे पाहिले, झग्याकडे पाहिले आणि म्हणाला, "असू द्या फादर, बसा." आम्ही बसलो. खिडकीजवळची जागाही मिळाली.

आमच्या मागे एक बाई चढल्या होत्या. हातात डब्याची पिशवी, बहुधा घरकामाला जाणाऱ्या. त्यांच्याही कार्डाला लाल दिवा लागला. "दादा, परवाच भरलेत पैसे," त्या म्हणाल्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, मला काय सांगता, ऑफिसात सांगा. तिकीट घ्या, नाहीतर पुढच्या स्टॉपला उतरा." त्यांनी पिशवीतून बटवा काढला आणि नाणी मोजून दिली. आम्ही खिडकीबाहेर पाहत होतो.

हा लेख खरे तर त्या खिडकीबाहेर पाहण्याविषयी आहे. पण आधी पासाचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण त्या खटपटीतच आम्हाला विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

बससेवेच्या ऑफिसात (कुठली बससेवा ते सांगण्याचे कारण नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही ते मनात ठेवावे) पासाची खिडकी रोज उघडी असते. खराब कार्डाची खिडकी मात्र मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा ते एक. आम्ही बुधवारी गेलो होतो. शुक्रवारी गेलो तेव्हा अर्ज मिळाला. अर्जात दोन चौकोन होते: 'हरवले' आणि 'खराब केले'. आम्ही विचारले, कार्ड आपोआप बंद पडले असेल तर कुठे खूण करायची? खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाल्या, "आपोआप काही होत नाही फादर. पाकिटात वाकले असेल. खराब केलेमध्ये करा." आम्ही खूण केली आणि स्वतःच्या हस्ताक्षरात नसलेला गुन्हा कबूल केला. शंभर रुपये भरले, फोटो दिला, आधारची झेरॉक्स दिली, जुने कार्ड जमा केले. नवे कार्ड कधी येईल? "येईल, मंगळवार-शुक्रवार बघत जा." तोपर्यंत प्रवासाचे काय? "तिकीट काढा." ते पैसे परत मिळतील का? या प्रश्नावर त्या हसल्या. त्या हसण्यात कुत्सितपणा नव्हता. आम्ही भोळे आहोत एवढेच त्यांना वाटले असावे.

कार्ड आले तेव्हा पासाच्या तीस दिवसांपैकी आठ दिवस उरले होते. गेलेले दिवस वाढवून मिळत नाहीत.

आम्हाला उत्सुकता होती, म्हणून या कार्डांच्या आत काय असते ते एका अभियंता तरुणाकडून समजून घेतले. त्यात बॅटरी नसते. नखाच्या तुकड्याएवढी चिप असते, आणि कार्डाच्या कडेने आतून फिरवलेले बारीक तारेचे वेटोळे असते. मशीन रेडिओ लहरी सोडते. त्या लहरींमुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते, तेवढ्यावर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. ही केसासारखी तार एखाद्या ठिकाणी तुटली की चिप धडधाकट असूनही मुकी होते. तिच्यात सर्व काही लिहिलेले असते, पण ती बोलू शकत नाही. कार्ड वाकल्याने तार तुटू शकते, तशी ती मुळातच कच्ची बसवलेली असू शकते, किंवा चिपशी जिथे जोडली आहे तिथे सुटू शकते. बाहेरून पाहून दोष कोणाचा ते कळत नाही. तरी अर्जातल्या चौकोनाने ते आधीच ठरवून ठेवले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्या बाईंनी पैसे भरले होते, त्यांचा प्रवासाचा हक्क कुठे होता? कार्डात होता की त्यांच्यात?

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा संत अगस्टिन यांनी केलेला एक भेद पाठ केला होता. ख्रिस्ती शिकवणुकीवरचा आपला ग्रंथ त्यांनी इ. स. ३९६च्या सुमारास लिहायला घेतला आणि सुमारे तीस वर्षांनी पूर्ण केला. त्यात वस्तू आणि खूण यांत ते फरक करतात. धूर दिसला की आपण म्हणतो, विस्तव आहे. धूर ही खूण, विस्तव ही वस्तू. परीक्षेत आम्ही हे व्यवस्थित लिहिले होते, गुणही चांगले मिळाले होते. पण त्याचा उपयोग बसमध्ये होईल असे वाटले नव्हते. पास ही खूण आहे. खूण कशाची? या माणसाने पैसे भरले आहेत आणि या माणसाला आपण महिनाभर नेण्याचे वचन दिले आहे, याची. पैसे भरताच वचन अस्तित्वात आले. कार्ड फक्त ते वचन दाखवते. तार तुटली म्हणून वचन तुटत नाही, जसा वाऱ्याने धूर पांगला म्हणून विस्तव विझत नाही.

कंडक्टरलाही हे कळत होते. "तुमचा असेल हो," असे तो म्हणालाच की. त्या तीन शब्दांत, "पण मशीन नाही म्हणते"च्या आधी, त्याने सत्य मान्य केले होते. मान्य केलेल्या सत्याला चालण्याची मुभा मात्र त्याच्याजवळ नव्हती.

यावर कोणीही म्हणेल, आणि ते बरोबरच आहे, की फादर, प्रत्येकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर उद्या सगळी बस म्हणेल, आमचा पास खराब झाला. खोटे पास, दुसऱ्याचे पास, संपलेले पास घेऊन लोक चढतात. कंडक्टरने कोणाकोणाची मने वाचायची? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. आपण सगळे पापी आहोत हे शिकवण्यातच आमचे आयुष्य चालले आहे, तेव्हा बसमधले लोक तेवढे देवदूत असतात असे आम्ही कसे म्हणावे?

पण या आक्षेपाला आमचे उत्तर असे आहे. त्या बाईंनी पैसे भरल्याची नोंद होती. ती त्यांच्याजवळ नव्हती, ऑफिसाजवळच होती, त्यांच्याच संगणकात. आम्ही शुक्रवारी खिडकीशी उभे राहिलो तेव्हा बाईंनी दोन कळा दाबल्या आणि आमचे नाव, रक्कम, तारीख सर्व पडद्यावर आले. म्हणजे ज्या गोष्टीचा पुरावा ते आमच्याकडे मागत होते ती त्यांच्याच वहीत लिहिलेली होती. जो पुरावा आपल्याच कपाटात आहे तो समोरच्या माणसाकडे मागणे याला सावधगिरी म्हणता येत नाही. आपले श्रम वाचवून ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देण्याची कायमची, न ढळणारी इच्छा, ही रोमन कायदेपंडितांची व्याख्या संत थॉमस अक्विनास यांनी स्वीकारली. त्यातला 'इच्छा' हा शब्द आम्हाला पूर्वी उगाच घातल्यासारखा वाटे. आता वाटत नाही. देण्याची इच्छा असेल तर माणूस स्वतःचे कपाट उघडतो. इच्छा नसेल तर अर्ज देतो.

ही गोष्ट बसपुरती नाही, हे तुम्ही जाणताच. रेशनच्या दुकानात अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून परत येणाऱ्या म्हाताऱ्या आपल्या आळीतही आहेत. आयुष्यभर शेतात आणि भांडी घासण्यात ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांनाच मशीन ओळखत नाही. निवृत्तिवेतन घेणारे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात. समोर उभा असलेला माणूस जिवंत आहे हे कागदावर आल्याशिवाय पुरे होत नाही. उत्तर प्रदेशातील आझमगढचे लाल बिहारी यांना तर महसुली दप्तराने मृत ठरवले आणि आपण जिवंत आहोत हे सरकारदरबारी मान्य करून घ्यायला त्यांना १९९४ साल उजाडले. त्यापूर्वीची अठरा-एकोणीस वर्षे ते चालत-बोलत मृत होते. ऐकताना हसू येते. पण लाल दिवा लागलेल्या आपल्या माणसाला "तिकीट घ्या नाहीतर उतरा" म्हणणे हे त्याच जातीचे आहे, फक्त लहान.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात एक सुंदर उदाहरण दिले आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी दगड मोजायला शिशाची पट्टी वापरत. शिसे मऊ, ते दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. नियम सर्वांसाठी एकदाच बनवावा लागतो, म्हणून तो कुठेतरी चुकतोच. त्यात नियमाचा दोष नाही, नियम करणाऱ्याचाही नाही. माणसांचे व्यवहारच असे वेडेवाकडे असतात. अशा वेळी नियम करणारा स्वतः इथे असता तर त्याने काय सांगितले असते, हे ओळखून वागावे, असे तो म्हणतो. या गुणाला अक्विनास यांनीही सद्गुण म्हटले आहे, पळवाट म्हटलेले नाही. मशीन लोखंडी पट्टी आहे. ते वाकणार नाही, त्याने वाकूही नये. म्हणून तर मशीन धरणारा हात माणसाचा असतो.

आणि तो हात वाकला. अडचण एवढीच की तो आमच्यासाठी वाकला.

दोन दिवसांपूर्वीचा साध्या शर्टातला 'काका' आणि झग्यातला 'फादर' यांच्याजवळ कार्ड एकच होते. पहिल्या वेळी आमचा शब्द मशीनपुढे पडला, दुसऱ्या वेळी उभा राहिला. मध्ये फक्त कापड बदलले. त्या बाईंजवळ बदलायला तसे कापड नव्हते. शिशाची पट्टी दगड पाहून वाकायला हवी. इथे ती दगड कोणाचा आहे ते पाहून वाकली. आम्ही त्या दिवशी जे घेतले त्याला सवलत म्हणावे, मान म्हणावे, काही म्हणावे, पण न्याय म्हणता येत नाही. न्याय असता तर तो आमच्या मागे दोन पावलांवर थांबला नसता.

मग आम्ही काय करायला हवे होते? यावर आम्ही बरेच दिवस घालवले आणि अजून पुरते उत्तर सापडलेले नाही. "त्यांनाही बसू द्या," असे म्हणायचे, तर कंडक्टरची जोखीम दुप्पट झाली असती. पुढच्या स्टॉपला तपासनीस चढला तर विनातिकीट प्रवाशाचा जाब त्याला द्यावा लागतो, आम्हाला नाही. त्याची दया आम्हाला फुकट मिळाली, तरी त्याला ती फुकट नव्हती, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. आमचे तिकीट आम्ही काढायला हवे होते, हे तर उघड आहे. त्यांचे तिकीट आम्ही काढले असते तर? न्यायाने जे ज्याचे आहे ते दानधर्म म्हणून देऊ नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये सामान्य प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आपल्या पत्रकात बजावले आहे. बाईंना दान नको होते, त्यांना त्यांचाच प्रवास हवा होता. पण हे सगळे तत्त्वज्ञान आम्हाला घरी आल्यावर सुचले. बसमध्ये आम्ही तत्त्वासाठी थांबलो नव्हतो, संकोचामुळे गप्प होतो. बारा रुपयांचे तिकीट काढून देणे हा अपुरा न्याय झाला असता, पण खिडकीबाहेर पाहण्यापेक्षा बरा.

आमचे नुकसान म्हणाल तर शंभर रुपये, काही तिकिटे आणि चार फेऱ्या. आम्हाला मंगळवारी अकरा वाजता कोणी पगार कापत नाही. घरकाम करणाऱ्या बाईने मंगळवारी अकरा ते एक रांगेत उभे राहायचे म्हणजे दोन घरची कामे बुडवायची. एकदा नव्हे, कार्ड येईपर्यंत. तिला परवडणारी गोष्ट एकच, निमूटपणे तिकीट काढणे. म्हणजे ज्याच्याजवळ वेळ आहे त्यालाच आपला हक्क परत मिळतो आणि ज्याला त्याची खरी गरज आहे तो सोडून देतो. ते ऑफिस हे मुद्दाम करते असे आम्ही म्हणत नाही. खिडकीतल्या बाईंनाही चौकोन कोणीतरी छापून दिलेले होते.

ज्यांना झगडायचे असेल त्यांच्यासाठी दोन ओळी. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत वाहतूकही येते. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील उणिवेबद्दल तक्रार करता येते. महाराष्ट्रात २०१५पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे, त्यात अधिसूचित केलेल्या सेवांना मुदत घालून दिलेली आहे आणि ती न पाळल्यास अपील करता येते. कशासाठीही पैसे भरले की पावती मागा आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अर्जात आपल्याला लागू पडणारा चौकोन नसेल तर शेजारी पेनाने लिहा. आम्ही लिहिले नाही, त्याचा पस्तावा आहे.

आता शेवटचे, आणि हे लिहायला आम्हाला जरा जड जाते आहे.

नवे कार्ड मिळाले त्याच आठवड्यात एक गृहस्थ चर्च ऑफिसात आले. त्यांना लग्नासाठी मुलाचा नव्हे, स्वतःच्या पत्नीचा स्नानसंस्काराचा दाखला हवा होता, परदेशातल्या कुठल्याशा कामासाठी. तारीख ठाऊक नव्हती. "पावसाचे दिवस होते, आणि त्या वर्षी सासऱ्यांनी नवी विहीर बांधली," एवढी माहिती. ते नालासोपाऱ्याहून अर्धा दिवस रजा काढून आले होते. आम्ही नेहमीप्रमाणे म्हणालो, "तारीख शोधून आणा, मग बघू." ते "बरं फादर" म्हणाले आणि उठले. ते दारापर्यंत पोहोचले तेव्हा आम्हाला आमच्याच तोंडून त्या खिडकीतल्या बाई बोलल्यासारखे वाटले. कारण स्नानसंस्काराची वही कोणाच्या कपाटात आहे? आमच्या. कपाट आमच्या खुर्चीच्या मागे, तीन हातांवर आहे.

आम्ही त्यांना परत बोलावले. विहिरीच्या आगेमागे तीन-चार वर्षांची पाने उलटली. पाऊण तास लागला. नोंद सापडली, आडनावाचे स्पेलिंग वेगळे होते, म्हणून पूर्वी एकदा ती आमच्याच नजरेतून सुटली होती. म्हणजे ते यापूर्वीही येऊन गेले होते. ते काही बोलले नाहीत, आम्हीच वहीत तो जुना चिठोरा पाहिला.

नोंदवही मनाला येईल तशी दुरुस्त करता येत नाही आणि करूही नये. खोटे दाखले लग्नाच्या वेळी किती घरे उद्ध्वस्त करतात ते आम्ही पाहिले आहे. पण धर्मसभेचा १९८३चा कायदा या बाबतीत आमच्यापेक्षा उदार आहे. कोणाचे नुकसान होत नसेल तर स्नानसंस्कार झाल्याचे सिद्ध करण्यास निःसंशय विश्वासू अशा एका साक्षीदाराचे निवेदनही पुरेसे आहे, असे त्याचे ८७६वे कलम सांगते. वही जळाली, वाळवीने खाल्ली, पान फाटले, तरी एक म्हातारी गॉडमदर येऊन "मी तिथे होते" म्हणाली की काम होते. कायद्याने खुणेपेक्षा माणसाला मोठे मानले आहे. आम्हीच तारखेचा चौकोन छापून ठेवला होता.

तेव्हा पुढील सोय केली आहे. चर्च ऑफिस आता बुधवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ आणि रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर उघडे राहील, म्हणजे कोणाला रजा काढावी लागणार नाही. तारीख ठाऊक नसली तरी या, जे आठवते ते सांगा, वही आम्ही पाहू. युवासंघाच्या दोन मुलांनी १९५०पासूनच्या नोंदींची नावनिशी संगणकावर घेण्याचे काम अंगावर घेतले आहे, आणखी दोघे हवे आहेत. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडून ज्यांना "शोधून आणा" असे उत्तर मिळाले असेल त्यांनी कृपया पुन्हा यावे. अर्जावरचा 'कारण' हा रकाना आम्ही रिकामा ठेवला आहे, त्यात काहीही लिहावे.

त्या बाई अजून आमच्या बसला असतात. त्यांचे कार्ड बदलून मिळाले का, हे गेल्या शुक्रवारी विचारले. त्या म्हणाल्या, "कुठं हो फादर, सुट्टीच नाही." त्यांची पावती आणि अर्ज आम्ही मागून घेतला आहे. येत्या मंगळवारी अकरा वाजता आम्ही त्या खिडकीशी जाणार आहोत. दुसऱ्याच्या वतीने अर्ज घेतात की नाही, ते तेव्हा कळेल.

तुमचे धर्मगुरू